विश्लेषण : वर्ध्यातला डेंटर मिस्त्री जुन्या मोटारींचा कारागीर होऊ शकतो का?

‘पीएम विश्वकर्मा’ योजनेला एक वर्ष झाले, तेव्हा २० सप्टेंबर २०२४ रोजी त्याचा राष्ट्रीय कार्यक्रम वर्ध्यात झाला. सुतार, लोहार, कुंभार, मूर्तिकार, शिंपी अशा १८ पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना ओळखपत्र, प्रशिक्षण, अवजारे आणि स्वस्त कर्ज देणारी ही योजना. तिच्या यादीत होडी बांधणारा आहे, कुलूप बनवणारा आहे, मासेमारीची जाळी विणणाराही आहे. चेपलेला पत्रा हातोडीने पुन्हा गोलाईत आणणारा डेंटर मात्र त्यात नाही. दुसरीकडे, पन्नास वर्षांपूर्वीच्या गाड्या मूळ रूपात जपण्यासाठी केंद्राने २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. त्या गाड्या जपणारा हात या डेंटरचाच असणार आहे. गावाकडच्या गॅरेजपासून क्लासिक मोटारींच्या कामापर्यंत वाट कशी जाते, ती कुठे अडते आणि वर्ध्यासारख्या जिल्ह्याने तिचा विचार का करावा, याचा हा आढावा.

क्लासिक आणि व्हिंटेज गाडी म्हणजे काय?

शौकिनांच्या जगात गाड्यांची वर्गवारी काळानुसार होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरपर्यंतच्या त्या ‘व्हेटरन’, साधारण १९१९ ते १९३० मधल्या ‘व्हिंटेज’ आणि त्यानंतरच्या जुन्या गाड्या ढोबळमानाने ‘क्लासिक’. संस्थेगणिक या सीमारेषा थोड्या बदलतात. भारतीय कायद्याने मात्र इतका बारकावा ठेवलेला नाही. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, खासगी वापराची, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे ‘व्हिंटेज’.

या व्याख्येमुळे चित्र पालटते. जुनी गाडी म्हटले की डोळ्यांसमोर संस्थानिकांची रोल्स रॉइस येते. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक आजही दसऱ्याच्या सोहळ्यात लोकांच्या नजरा खेचून घेते. परंतु पन्नास वर्षांच्या रेषेपलीकडे आता सामान्य घरातल्या गाड्याही गेल्या आहेत. १९५० च्या दशकात रस्त्यावर आलेली अॅम्बेसेडर, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट ११००, स्वातंत्र्याच्या वर्षापासून महिंद्राने जुळवायला घेतलेली विलीज जीप, म्हैसूरची जावा. बजाजची चेतक स्कूटर १९७२ मध्ये आली. म्हणजे पहिल्या चेतकने २०२२ मध्येच पन्नाशी गाठली. वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी असलेली आजोबांची गाडी ही अडगळ की ठेवा, हा प्रश्न आता राजवाड्यांपुरता राहिलेला नाही.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ही दुरुस्ती जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झाली. त्यानुसार व्हिंटेज म्हणून नव्याने नोंदणी करण्यासाठी २० हजार रुपये शुल्क असून नोंदणी दहा वर्षे टिकते. पुढील नोंदणीचे शुल्क पाच हजार रुपये आहे. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना क्रमांक राखता येतो. नव्याने नोंद होणाऱ्या गाडीला राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही मालिका मिळते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची.

कारागिराच्या दृष्टीने खरी महत्त्वाची अट वेगळीच आहे. गाडी मूळ रूपात राखलेली हवी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार केलेला नको. मिस्त्रीने जुन्या फियाटमध्ये मालकाच्या सांगण्यावरून दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन बसवले, तर गाडी पळेल, पण व्हिंटेजची पात्रता गमावून बसेल. गाडीचे कायद्यातले स्थान गॅरेजमधल्या एका निर्णयावर अवलंबून असते. एवढी जबाबदारी ज्याच्या हातात आहे, त्या माणसाकडे बहुतेक वेळा त्याच्या कौशल्याचा एकही कागद नसतो.

दुरुस्ती आणि रिस्टोरेशन यात फरक काय?

गावाकडचा मिस्त्री वाढतो तो अडलेली गाडी चालू करून देण्याच्या शाळेत. सोयाबीन भरलेला टेम्पो रस्त्यात बंद पडला तर शेतकऱ्याला मूळ कंपनीचा पार्ट नको असतो. बाजार उठण्याआधी गाडी पोहोचायला हवी असते. तार बांधून, वायसर घालून, दुसऱ्या गाडीचा पार्ट घासून बसवून मिस्त्री वेळ निभावतो. हे कसब लहान नाही. ग्रामीण वाहतूक त्याच्याच जोरावर चालते.

रिस्टोरेशनमध्ये हीच सवय आड येते. इथे गाडी चालू करणे हा कामाचा एक भाग झाला. ती मुळात जशी होती तशी करणे हे खरे काम. देवळाच्या जीर्णोद्धारात जुन्या दगडी खांबाला ऑइलपेंट फासला की देऊळ चकचकीत दिसते आणि त्याचे जुनेपण मरते. गाडीचेही तसेच. मूळ कार्ब्युरेटर टाकून दुसरा बसवला, सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्टची केली, गंजलेला पत्रा न कापता त्यावर जाड पुट्टी चढवली, तर गाडी सुधारल्यासारखी वाटते. जाणकार मात्र बोनेट उघडताच मान हलवतो.

जुन्या वाहनांच्या क्लबांची जागतिक संघटना ‘फिवा’ १९६६ पासून काम करते. तिच्या ट्युरिन सनदेचा सारांश असा, की जेवढे जुने वाचवता येईल तेवढे वाचवावे, बदलावे लागेल तेवढेच बदलावे आणि जे बदलले त्याची नोंद ठेवावी. मूळ रंग काही ठिकाणी उडालेला असला तरी तो शिल्लक असलेली गाडी नव्याने रंगवलेल्या गाडीपेक्षा मोलाची ठरू शकते. म्हणजे कधी कधी उत्तम कारागिरी कशाला हात लावायचा नाही हे ओळखण्यात असते. शिकायला सर्वांत अवघड भाग हाच.

एका गाडीला किती हात लागतात?

‘रिस्टोरर’ नावाचा एकच एक व्यवसाय नाही. तो अनेक हातांचा मेळ आहे.

पहिला हात पत्र्याचा. मडगार्डची गोलाई वरून हातोडी आणि खालून लोखंडी डॉली धरून काढावी लागते. ठोकताना पत्रा ताणला जातो. मग तो तापवून आणि थंड करून पुन्हा आकसवावा लागतो. गॅस वेल्डिंगची धग जास्त झाली की पॅनेलला लाट येते आणि ती रंग लागल्यावर उठून दिसते.

दुसरा हात लेथचा. बाजारात न मिळणारे बुश, पिन, नट इथेच तयार होतात. सिलिंडर बोअर करून लायनर बसवणे, क्रँकशाफ्ट घासून मापात आणणे ही कामे याच दुकानातली. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी संख्येने निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगचा पांढरा धातू थेट इंजिनाच्या ब्लॉकमध्ये ओतलेला असतो. खोक्यातले नवे बेअरिंग काढून बसवायची सोय तिथे नाही. धातू वितळवून ओतायचा आणि मग हाताने खरवडून बसवायचा, एवढाच मार्ग.

तिसरा हात विजेचा. साठच्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असते. आजच्या सवयीने ऋण टोक जोडणारा पोरगा घोटाळा करून ठेवतो. चौथा हात सुताराचा, कारण जुन्या कोचबिल्ट गाड्यांच्या पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो. मग सीट आणि हुड शिवणारा, तांबे-निकेल-क्रोम असे थर चढवणारा प्लेटिंगवाला आणि शेवटी रंगारी.

पानेसुद्धा वेगळे. जुन्या ब्रिटिश गाड्यांना व्हिटवर्थ मापाचे पाने लागतात. त्यांच्यावरचा आकडा बोल्टच्या डोक्याची रुंदी सांगत नाही, तो दांड्याची जाडी सांगतो. मेट्रिक पान्याने जबरदस्ती केली की पन्नास वर्षे टिकलेल्या बोल्टचे डोके एका झटक्यात गोल होते.

यातला एकेक हात वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव या गावांत आजही सापडेल. कापसाच्या जिनिंगच्या यंत्रांनी, ट्रॅक्टरनी आणि एसटी-ट्रकच्या वाहतुकीने वेल्डर, लेथवाले आणि सीट शिवणारे इथे पोसले. ते सगळे एका गाडीभोवती, एका शिस्तीत उभे करणारा माणूस मात्र नाही. कारागिराने गाठायची पुढची पायरी तीच आहे.

वाट सुरू कुठून होते?

आज या क्षेत्रात येण्याच्या दोन वाटा आहेत. एक गॅरेजची. मुलगा उस्तादाच्या हाताखाली लागतो, आधी पाने उचलून देतो, मग टायर खोलतो, काही वर्षांनी इंजिनाला हात लावतो. या वाटेने हात तयार होतो, पण मोजमाप आणि कागद कच्चे राहतात. शिवाय ही वाट अनेकदा फार लहान वयात सुरू होते. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे हा गुन्हा आहे आणि त्याच्या शाळेच्या मोबदल्यात मिळालेले कसब कितीही चांगले असले तरी ते महागच पडते.

दुसरी वाट आयटीआयची. मोटार मेकॅनिक, फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे. वेल्डर आणि शीट मेटल वर्कर हे एक वर्षाचे. या वाटेने ड्रॉइंग वाचता येते, मायक्रोमीटर धरता येतो, प्रमाणपत्र मिळते. मात्र तिथे शिकलेल्या मुलाने साइड व्हॉल्व्हचे इंजिन किंवा मॅग्नेटो क्वचितच उघडलेला असतो.

क्लासिक गाड्यांच्या कामाला दोन्ही लागतात. दहावीनंतर शीट मेटल, वेल्डर किंवा टर्नर, त्यानंतर अनुभवी मिस्त्रीकडे तीन-चार वर्षे, आणि मग पुणे, मुंबई, कोईमतूर यांसारख्या शहरांतल्या जुन्या गाड्यांच्या कार्यशाळेत किंवा संग्राहकाकडे दोन वर्षे. अशी सहा ते आठ वर्षांची शिदोरी घेतलेला माणूस तिशीच्या आत स्वतःच्या नावावर एक गाडी पूर्ण उभी करू शकतो.

त्यातही पहिली गाडी रोल्स रॉइस असण्याची गरज नाही, ती नसावीच. पहिली चेतक किंवा लॅम्ब्रेटा असावी, नंतर जावा, मग जीप आणि त्यानंतर फियाट वा अॅम्बेसेडर. स्कूटरचा पत्रा कमी, भाग मोजके, चुकीची किंमत परवडणारी. जीपची बॉडी सपाट आणि यंत्रणा उघडीवाघडी, म्हणून ती चासीपासून शिकायला सोपी. मुंबईचा चोर बाजार, दिल्लीचे मायापुरी, कोलकात्याचा मल्लिक बाजार इथे जुन्या भागांसाठी कसे फिरायचे, खरा भाग आणि नक्कल कशी ओळखायची, हेही या टप्प्यात शिकून होते.

यात वर्ध्याचाच विचार का?

हाताने काम करत डोके घडवायचे, हा विचार देशासमोर मांडला गेला तो वर्ध्यात. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे शिक्षण परिषद झाली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्यातून ‘नयी तालीम’चा आराखडा तयार केला. सूत कातता कातता गणित, सुतारकाम करता करता भूमिती. हस्तव्यवसाय हा शाळेतला जोडविषय नसून तोच शिकण्याचे माध्यम, असा तो आग्रह होता. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम दाम्पत्याने तो प्रत्यक्षात आणला. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी ग्रामोद्योगांच्या अवजारांवर काम केले आणि १९३८ मध्ये तिथे मगन संग्रहालय उभे राहिले.

मोटारीशीही या गावाचे जुने नाते आहे. जमनालाल बजाज यांच्या मोडक्या फोर्ड मोटारीला बैल जुंपून ती सेवाग्रामच्या वाटेवर चालवली जाई आणि तिला गमतीने ‘ऑक्सफर्ड’ म्हटले जाई, असा किस्सा सांगितला जातो. त्याच बजाज कुटुंबाने १९४५ मध्ये बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन केली. वर्ध्याचे शेठ बच्छराज यांच्या नावाने निघालेली ही कंपनी पुढे बजाज ऑटो झाली. चेतकचे मूळ असे वर्ध्याच्या मातीपर्यंत पोहोचते, पण ती मूळ रूपात कशी राखावी हे शिकवणारी जागा जिल्ह्यात नाही.

मोटारीचा जीर्णोद्धार हा नयी तालीमचा उत्तम धडा होऊ शकतो. क्रोमचा थर का चढतो हे रसायनशास्त्र, पिस्टनची फट किती ठेवायची हे गणित, गाडी कोणत्या साली कुठे जुळवली गेली हा इतिहास. यंत्रांच्या अतिरेकावर गांधीजींची टीका होती, हे खरे. पण माणसाच्या हाताला काम देणारे आणि वस्तू फेकून न देता टिकवणारे हे कसब त्या टीकेच्या पलीकडचे आहे.

अडते कुठे?

पहिली अडचण ओळखीची. विश्वकर्मा योजनेत पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन मिळते. लोहार आणि हातोडी-अवजारे बनवणारे त्यात आहेत; डेंटर, लेथवाला, सीट शिवणारा नाही. वडील लोहार आणि मुलगा डेंटर असेल तर दोघांच्या हातात हातोडीच असते. तरी एक विश्वकर्मा ठरतो आणि दुसरा ठरत नाही.

दुसरी अडचण उमेदवारीची. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ पासून आहे. मात्र सध्याच्या नियमांनुसार किमान चार माणसे कामाला असलेल्या आस्थापनेलाच शिकाऊ उमेदवार घेता येतो. एक उस्ताद आणि एक मदतनीस असलेले गॅरेज या चौकटीत बसत नाही. जिथे कला आहे तिथे कायदेशीर उमेदवारी नाही. जिथे उमेदवारी आहे त्या शोरूममध्ये भाग बदलण्यापलीकडे फारसे शिकायला नाही.

तिसरी अडचण नोंदींची आणि ती मिस्त्रीची स्वतःची आहे. गाडी खोलताना प्रत्येक भागाचा फोटो, पिशवीवर चिठ्ठी, काय काढले, काय नवे घातले, कोणत्या मापाचे, याची वही. हे केल्याशिवाय गाडी मूळ रूपात आहे हे सिद्ध करता येत नाही. खिशातला मोबाइल यासाठी पुरेसा आहे. चासीवरचा कोरलेला क्रमांक घासायचा नाही आणि कागदपत्र पाहिल्याशिवाय कामाला हात घालायचा नाही, हे तर पहिले पथ्य. कागद नसलेल्या गाडीवर वर्षभर राबून शेवटी मिस्त्रीच अडचणीत येऊ शकतो.

चौथी अडचण तब्येतीची. जुन्या ब्रेक लायनिंगमधले अॅस्बेस्टॉस, क्रोम प्लेटिंगची रसायने, सांधे भरायचे शिसे, रंगाचा फवारा. तोंडाला रुमाल बांधून यातले काहीही अडत नाही. योग्य मास्क, हवा खेळती असलेली जागा आणि प्लेटिंगसारखी कामे परवानाधारकाकडूनच करून घेणे, हा खर्च कामाच्या हिशेबात धरायलाच हवा.

यात पोट भरते का?

इथे स्वप्ने विकून चालणार नाही. बाजार लहान आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक गॅरेजने या वाटेने जावे असे नाही. दोन-चार कार्यशाळा नीट उभ्या राहिल्या तरी पुष्कळ. नागपूर ७५ किलोमीटरवर आहे, समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून थेट मुंबईपर्यंत खुला झाला आहे. त्यामुळे गाडी इथे आणणे आणि परत नेणे पूर्वीसारखे अवघड नाही. शहरातल्या मानाने जागेचे भाडे कमी, ही छोट्या गावाची जमेची बाजू. ज्या कामात गाडी महिनोन्महिने उभी राहते, तिथे जागा हाच मोठा खर्च असतो.

मात्र व्यवहाराची जुनी पद्धत बदलावी लागेल. डेंटिंगचे काम अंदाजाने, ठोक रकमेवर घेतले जाते. जुन्या गाडीत रंग खरवडल्यावरच खालचा गंज किती ते कळते. ठोक रकमेवर घेतलेले काम मग एक तर मिस्त्रीला बुडवते किंवा गाडीला. म्हणून काम टप्प्यांनी ठरवावे: खोलणे आणि पाहणी, पत्रा, इंजिन, रंग, जुळवणी. प्रत्येक टप्प्याचा लेखी अंदाज, आगाऊ रक्कम आणि टप्पा संपल्यावर हिशेब. मालकानेही हे समजून घ्यायला हवे. परदेशातून येणाऱ्या पार्टची किंमत निमूट मोजायची आणि महिनाभर पत्रा घडवणाऱ्याशी रोजीवर घासाघीस करायची, ही रसिकता म्हणता येणार नाही.

आणखी एक आधार आहे. हेच हात शेतीच्या जुन्या यंत्रांना, ऑइल इंजिनांना, संग्रहालयांतील वस्तूंनाही लागतात. आठवड्यातले चार दिवस नेहमीची कामे आणि दोन दिवस जुनी गाडी, असा संसार सुरुवातीला शहाणपणाचा ठरेल.

इतर देशांत काय होते?

अमेरिकेत कॅन्सस राज्यातील मॅकफर्सन कॉलेजात १९७६ पासून जुन्या मोटारींचे रिस्टोरेशन शिकवले जाते आणि आता त्यात चार वर्षांची पदवी मिळते. इंग्लंडमध्ये बिसेस्टर येथे हवाई दलाच्या जुन्या तळावर जुन्या गाड्यांचे केंद्र उभे राहिले असून तिथल्या हेरिटेज स्किल्स अकादमीत तरुणांना पगारी उमेदवारी करत हे काम शिकता येते. दोन्हीकडे चिंता एकच होती: गाड्या टिकतील, पण त्या दुरुस्त करणारी पिढी संपेल. भारतात ही पिढी अजून गॅरेजमध्ये आहे. पन्नाशी-साठीचे उस्ताद कार्ब्युरेटर आवाजावरून लावतात, पॅनेलवर हात फिरवून खळगा ओळखतात. त्यांची मुले बहुधा या कामात नाहीत. विजेवरच्या गाड्या वाढतील तसे इंजिनाचे रोजचे काम घटत जाईल आणि ज्ञान पुढे द्यायचे निमित्तही उरणार नाही. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली, तेव्हा छायाचित्रे पुष्कळ निघाली. तिला साठ वर्षे चालती ठेवणाऱ्या मिस्त्र्यांची नोंद मात्र कुणी घेतली नाही.

हा श्रीमंतांचा छंद नव्हे का?

हा आक्षेप रास्त आहे. धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्यांसाठी सरकारने पैसा का घालावा, असाही प्रश्न येतो. त्याचे उत्तर असे, की मदत गाडीला नको, हाताला हवी. पैठणी नेसणाऱ्या सगळ्याच सामान्य घरातल्या नसतात. म्हणून विणकराला आधार देऊ नये असे कुणी म्हणत नाही. श्रीमंताच्या छंदातला पैसा जिल्ह्यातल्या कारागिराच्या घरी पोहोचत असेल तर तो पोहोचू द्यावा. धुराचे म्हणाल, तर व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी वर्षात मोजकेच दिवस बाहेर पडते. नियमानेच ती रोज चालवता येत नाही.

काय करता येईल?

मोठ्या घोषणेची गरज नाही, चार छोट्या गोष्टी पुरेत. विश्वकर्मा योजनेच्या यादीत पत्राकाम करणारा डेंटर आणि लेथ कारागीर यांची भर घालावी. एकट्या उस्तादांची पाच-सहा गॅरेज मिळून एक आस्थापना मानावी आणि त्यांना शिकाऊ उमेदवार घेऊ द्यावा. आयटीआयच्या कार्यशाळेत दरवर्षी एक जुनी गाडी, निदान एक चेतक, मुलांच्या हातून मूळ रूपात उभी करावी आणि त्यासाठी गावातल्या उस्तादाला मानधन देऊन शिकवायला बोलवावे. त्याच्याकडे पदवी नाही, ही सबब पुढे करू नये. आणि व्हिंटेज नोंदणीच्या कागदांत गाडीचे काम कुणी केले, या माहितीसाठी एक रकाना ठेवावा.

शेवटची सूचना किरकोळ वाटेल. पण गाडीच्या फाइलमध्ये कंपनीचे नाव असते, मालकाचे असते, विमा कंपनीचेही असते. ज्याने ती गंजातून बाहेर काढली त्याचे नाव कुठेच नसते. ते एकदा लिहिले जाऊ लागले, की काम सांभाळून करण्याची जबाबदारी मिस्त्रीवर येते, आणि पुढचा मालक त्याला शोधत वर्ध्यापर्यंत येऊ शकतो.